बाईंनी सांगितलं म्हणून

बाईंनी सुट्टी दिली तरी पोरी घरी जात नसत. एकदा खरंच असं झालं. श्रावणातला कुठलासा सण होता, वॉर्ड निम्मा रिकामा होता, आणि जेवणं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आज लवकर सुटा. जा घरी."

समोर दुसऱ्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुली ओळीत उभ्या होत्या. त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, जा ना."

एकीनं घाबरत विचारलं, "बाई, पण ड्यूटी चारपर्यंत असते ना?"

"असते."

"मग?"

"मग मी जा म्हणतेय."

कोणी हललं नाही. एक मुलगी उगाचच रिकाम्या खाटेची चादर ताठ करायला लागली. शेवटी बाईंनीच पर्स खांद्याला लावली आणि त्या निघून गेल्या. पोरी चारपर्यंत थांबल्या. मीही थांबले. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. ती खरी सुट्टी होती की परीक्षा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाईंच्या बाबतीत मला न कळलेल्या गोष्टींची रांग लावली, तर ही सगळ्यात किरकोळ ठरेल.

आमचं नर्सिंग कॉलेज आकुर्डीत होतं, आणि मुलींना प्रत्यक्ष कामासाठी आम्ही मोशीच्या वाटेवरच्या एका खासगी हॉस्पिटलात घेऊन जायचो. शिकाऊ मुलींच्या मागे उभं राहायचं, त्यांचा हात चुकत असेल तर धरायचा, बरोबर असेल तर गप्प बसायचं, अशी ती नोकरी. बाई ती कित्येक वर्षं करत होत्या. मी स्टाफ नर्सची नोकरी सोडून नवीनच आले होते आणि मला बाईंच्या हाताखाली दिलं होतं. बाकी शिक्षिकांना मुली मॅडम म्हणत. बाईंना ते चालत नसे. "मॅडम म्हटलं की समोरची बरोबरच असणार असं वाटतं," त्या म्हणायच्या. "बाई म्हणा. बाई चुकते."

आणि बाई चुकायच्या. मुद्दाम. हीच त्यांची शिकवायची पद्धत होती.

मला त्याचा प्रसाद पहिल्याच आठवड्यात मिळाला. एका पेशंटच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं होतं. अशा बाईचं त्या बाजूच्या हातावर बीपी घ्यायचं नसतं, हे नर्सिंगच्या कुठल्याही मुलीला पाठ असतं. मी तर तीन वर्षं नोकरी करून आलेली. बाई सहज म्हणाल्या, "हिचं बीपी घे गं, डाव्या हाताचं," आणि मी पट्टा गुंडाळला. हवा भरणार, तेवढ्यात पट्ट्यावर बाईंचा हात पडला.

"का बांधलास?"

"तुम्ही सांगितलंत."

"आणि तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, बाई."

"मग?"

खाटेवरची बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. बाईंनी तिच्या हातावरचा पट्टा काढला, तो उजव्या हाताला बांधला आणि तिला म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. ही हुशार आहे, फक्त आज्ञाधारक आहे." आज्ञाधारक हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू ते एखाद्या आजाराचं नाव असावं.

वॉर्डातल्या सिस्टर त्यांना मागून 'उलटी बाई' म्हणायच्या. बाईंना ते माहीत होतं. मुलींना त्या हमखास चुकीच्या नावानं हाक मारत. सारिकाला सुरेखा, सुरेखाला संगीता. मुली निमूटपणे ओ देत. "नाव चुकलं तरी तोंड उघडत नाही तुमचं," त्या चिडायच्या, "उद्या डॉक्टरनं औषध चुकीचं लिहिलं तर काय कराल? ओ द्याल?" पण मलाही त्या दोनतीनदा आधीच्या शिक्षिकेच्या नावानं हाक मारून गेल्या होत्या. मी लगेच दुरुस्त केलं, तेव्हा शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. म्हणजे ती परीक्षा होती का नव्हती?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरावासाठी एक रबरी पुतळा होता. बाई त्याला आजी म्हणायच्या. "आजी, जरा कुशीवर व्हा हं," असं म्हटल्याशिवाय पुतळ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. पडदा न ओढता कुणी आजीचा गाऊन वर केला, तर त्या मुलीला तास संपेपर्यंत बाहेर उभं करायच्या. मला आधी ते नाटक वाटलं. एकदा मी विसरलेली छत्री घ्यायला परत गेले, तर खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि बाई त्या पुतळ्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढत होत्या. "पंखा लागतो तिला," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यावर हसावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. मी छत्री घेऊन निघाले.

त्या असं का वागतात, याची कारणं त्यांनीच दिली होती, पण प्रत्येकाला वेगळी. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं होतं, की त्या स्वतः शिकत असताना त्यांच्या वर्गातल्या एका मुलीनं, वरच्यांनी सांगितलं तसं, इंजेक्शन दिलं आणि पेशंट दगावला. प्राचार्यांना सांगितलं होतं, की त्यांचे वडील पिंपरीत औषधांच्या कारखान्यात होते. सुपरवायझरनं सांगितलं म्हणून त्यांनी चालू मशीनमध्ये हात घातला आणि दोन बोटं गेली. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मला गंमत वाटते." पुढे एकदा मी मोशीला त्यांच्या घरी गेले. त्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या आणि रविवारी सकाळी विहारात मुलांचं गणित घ्यायच्या. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, खुर्चीत बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेला. मी बोटं मोजली. दहाच्या दहा होती. फोटो अपघाताआधीचा असेलही. विचारायचा धीर झाला नाही.

एक मात्र मी बारकाईनं पाहिलं होतं, आणि त्याच आधारावर मी त्यांच्यावर विश्वास ठेवून होते. बाईंची चूक पेशंटपर्यंत कधी पोचायची नाही. उलटं काही सांगितलं, की त्या स्वतः त्या मुलीच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या आणि ऐन वेळी त्यांचा हात मध्ये यायचा. सांगून त्या कधी लांब गेल्या नाहीत. एकदाही नाही.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी त्या लांब गेल्या.

चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करणारा एक तरुण जुलाब-उलट्यांनी पार गळून आला होता. अंगातलं पोटॅशियम कमी झालेलं. ते औषध पाण्यासारखं दिसतं, छोट्या कुपीत येतं, आणि सलाइनच्या मोठ्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबानं द्यायचं असतं. सुईनं थेट शिरेत ढकललं तर काळीज जागच्या जागी बंद पडू शकतं. शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती, चाकणच्या पलीकडच्या एका गावातली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला विचारत होती, "पोरगं बरं व्हईल न्हवं?"

त्या खाटेचं काम परभणीकडच्या एका मुलीकडे होतं. होस्टेलवर राहणारी, अबोल, कशालाही 'हो बाई' म्हणणारी. आमच्या तुकडीतली सगळ्यात आज्ञाधारक, बाईंच्या अर्थानं. तिनं कुपीतलं औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि विचारलं, "बाई, नवीन बाटली आणू?"

बाई म्हणाल्या, "कशाला? हाताला नळी लावलेली आहे ना. तसंच दे, सावकाश." आणि वळून पलीकडच्या खाटेकडे गेल्या. तिथल्या म्हातारीनं पाणी मागितलं होतं.

मी समोरच्या बाजूला ड्रेसिंगचा ट्रे धरून उभी होते. मला वाटलं, आता वळतील. त्या वळल्या नाहीत. म्हातारीच्या पाठीशी हात घालून तिला उठवत होत्या. मी ट्रे खाली ठेवला आणि निघाले, पण माझ्या आधी त्या मुलीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"बाई, मी नाई देणार."

बाईंनी मान वळवली. "काय?"

"हे असं नाई देत मी. तुम्ही म्हणालात तरी."

सुईला टोपण लावायचाही प्रयत्न तिनं केला नाही, सिरिंज अंगापासून लांब धरून उभी होती. स्टुलावरची आई उठून उभी राहिली. "काय झालं वं? काय हाय त्येच्यात?"

आणि त्या क्षणी मी बाईंचा चेहरा पाहिला. नंतर मी तो इतक्यांदा आठवला आहे, की आता त्यात मी काय पाहिलं आणि मागून काय भरलं, हे मला सांगता येणार नाही. तो चेहरा रिकामा होता. चुकीच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की माणूस जसा बाहेर बघतो, तसा. मग त्यांनी म्हातारीला हळूच उशीवर टेकवलं, चालत आल्या, मुलीच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि म्हणाल्या, "शाबास."

मुलीला रडू फुटलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्या आईला सांगितलं, "मावशी, काही नाही झालं. तुमच्या पोराला चांगली नर्स मिळाली आहे," आणि नवी बाटली मागवली. संध्याकाळपर्यंत त्या भेटेल त्याला सांगत होत्या, की आज एका मुलीनं मला नाही म्हटलं. अगदी आनंदात होत्या.

बसस्टॉपवर ती मुलगी माझ्याजवळ आली. "मॅडम, ती परीक्षाच होती ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिला हे उत्तर नको होतं. तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "मग उद्या त्यांनी काही सांगितलं तर मी काय समजू?"

दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेत एकट्या आहेत असं बघून मी आत गेले. मनात वाक्यं जुळवून गेले होते, पण तोंडातून सरळच निघालं. "बाई, काल तुम्ही विसरला होतात का?"

त्या पुतळ्याच्या हातावरची पट्टी सोडवत होत्या. सोडवणं थांबलं नाही. "तुला काय वाटतं?"

"मला कळत नाहीये. तुम्ही आधी कधी सांगून लांब गेला नव्हतात."

"बघत होतीस तर तू."

"बाई, परीक्षा होती का ते सांगा ना."

त्यांनी पट्टीची गुंडाळी केली. "समज, मी हो म्हटलं. तू मानशील?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं, "नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तेही नाही बहुतेक."

"मग मला कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "वरच्याचं बरोबर की चूक कळत नसेल, तर पोरींना काय करायला शिकवतो आपण? हात थांबवायचा, आणि त्याच्या वरच्याला सांगायचं. माझ्या वर कोण आहे?"

"प्राचार्य."

"जा मग."

"मी तुमची तक्रार करू?"

"तू कळवणार आहेस. तक्रार वेगळी."

मी हललेच नाही. तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "जात नसशील, तर उद्यापासून वॉर्डातही जाऊ नकोस. तिथे उभं राहायचा तुला अधिकार नाही."

मी गेले. जिना चढताना मला वाटत होतं, हीसुद्धा परीक्षाच आहे आणि वर पोचल्यावर प्राचार्य हसतील. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "बाईंनी मला हे मागच्या महिन्यातच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की कोणीतरी एक दिवस माझ्याबद्दल सांगायला येईल, तेव्हा खरं माना." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी उलटं बोलतायत. आता असं करा, बोभाटा नको, तुम्हीच त्यांना एकदा डॉक्टरांकडे दाखवून आणा."

मागच्या महिन्यात त्यांना काय जाणवलं होतं? की काहीच जाणवलं नव्हतं, आणि त्या फक्त माझ्यासाठी वाट तयार करून ठेवत होत्या? मी जितका विचार करत होते, तितका गुंता वाढत होता.

मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना पिंपरी कॅम्पात, कापडाच्या दुकानांच्या वर होता. डॉक्टर तरुण होते आणि बाईंनी आयुष्यभर नर्सेस घडवल्या हे कळल्यावर फारच अदबीनं वागायला लागले. बाईंना ते आवडलं नसावं. "विचारा काय विचारायचं ते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आंबा, खुर्ची, नदी. मग विचारलं, "आज वार कोणता?"

"बुधवार," बाई म्हणाल्या.

गुरुवार होता. शब्द माझ्या ओठांवर आला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, शंभरातून सात-सात वजा करत जायला लावलं. ते बाईंनी अगदी तडफेनं केलं. मग डॉक्टर म्हणाले, "ते तीन शब्द आठवतात?"

"आधी तुम्ही सांगा."

डॉक्टरांची नजर कागदाकडे गेली.

"बघितलंत," बाई म्हणाल्या. "नदी, खुर्ची, आंबा. उलटे चालतील ना?"

डॉक्टर ओशाळून हसले. तपासणी संपल्यावर म्हणाले, "काही ठिकाणी चुकलंय, काही ठिकाणी माझ्यापेक्षा बरं आहे. मेंदूचा फोटो काढून घेऊ, काही महिन्यांनी पुन्हा बघू. आत्ता नक्की काही सांगता येणार नाही."

जिना उतरताना मला राहवेना. "बाई, बुधवार मुद्दाम म्हणालात ना?"

त्या मधल्या पायरीवर थांबल्या. कठड्याला हात टेकवला. "आज काय, गुरुवार आहे?"

हे त्यांनी कसं विचारलं, ते मला लिहिता येत नाही. चेष्टा होती म्हणावं तर डोळ्यांत नव्हती. भीती होती म्हणावं तर आवाजात नव्हती. मी "हो" म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या आणि उरलेल्या पायऱ्या उतरल्या.

खाली एका गाड्यावर आम्ही दाबेली खाल्ली. बाईंनी पोरीसारखी दुसरी मागितली. हात पुसता पुसता म्हणाल्या, "उद्यापासून पोरींना घेऊन तू जा. मी कॉलेजात थांबेन. आजीला काही झालं तर चालतं."

"पण बाई, डॉक्टरांनी काही आजार आहे असं म्हटलेलं नाही."

"नाही असंही म्हटलेलं नाही."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. समोरून हातगाड्या, रिक्षा, कंपनीच्या बसेस जात होत्या. "मला वाटतं, की मला सगळं आठवतं," त्या म्हणाल्या. "पण विसरलेल्या माणसाला तसंच वाटत असणार ना?"

मी पाण्याची बाटली घेतली, त्यांना दिली. हमरस्त्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मला आकुर्डीला लोकलनं जायचं होतं, त्यांना भोसरीवरून मोशीला. बस आली. बाईंनी माझ्या गालाला हात लावला, असं त्या कधी करत नसत, आणि गर्दीतून वाट काढून चढल्या. खिडकीशी जागा मिळाली त्यांना. बस हलली, तेव्हा माझं लक्ष मागच्या पाटीकडे गेलं. निगडी. बस अगदी उलट्या दिशेला निघाली होती.

मी तिथेच उभी राहिले. निगडीत कोणी नातेवाईक असेल. काही काम असेल. किंवा मी काय करते, हे बघायचं असेल. बस सिग्नल ओलांडून दिसेनाशी झाली, तेव्हा मी फोन लावला.

"बाई, तुम्ही निगडीच्या बसमध्ये आहात."

पलीकडे कंडक्टरचा आवाज येत होता. मग बाई म्हणाल्या, "चढताना का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"चिंचवड स्टेशनला उतरते," त्या म्हणाल्या. "तू ये."

मी रिक्षा केली. त्या थांब्यावर उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून, येणाऱ्या प्रत्येक रिक्षात डोकावत. मी उतरून समोर गेले तरी लगेच ओळख दिली नाही. मग माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"आता मोशीची बस कुठली, ते तू बघ," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यामागून चढते."